आभारताईंच्या हातून वारलेला माणूस

त्यांना नावाने ओळखणारे आता फक्त पगारपत्रकच उरले होते. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना आभारताई म्हणत. नवीन लागलेल्या प्राध्यापकांना तर ते खरेच नाव वाटे, आणि त्यातल्या एकाने परगावाहून पाठवलेल्या पत्रावर पत्ताही तसाच घातला होता. पत्र बरोबर पोचले.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या महाविद्यालयाच्या देणगी विभागात हंगामी टंकलेखक म्हणून लागल्या. विभाग हा शब्द फार मोठा झाला. जिन्याखालची एक खोली, दोन टेबले, आणि गुडघ्याने दाबल्याशिवाय दार न लागणारे एक कपाट. काम एकच: ज्याने काही दिले असेल त्याला छापील मजकुराचे आभारपत्र टाइप करून पाठवायचे. ‘आपल्या औदार्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे.’ खाली विभागप्रमुखांची सही. पंधरा दिवस त्यांनी हे इमानेइतबारे केले. तिसऱ्या आठवड्यात एका निवृत्त परिचारिकेची छोटीशी रक्कम आली आणि सोबत ओळ होती की प्रयोगशाळेतली मागच्या रांगेतली खुर्ची आमच्या वेळी फार डुगडुगायची, तिच्यासाठी घ्या. आभारताई (तेव्हा त्या आभारताई नव्हत्या, नुसत्या नवीन बाई होत्या) उठून प्रयोगशाळेत गेल्या, त्या खुर्चीवर बसून आल्या, आणि छापील मजकुराखाली पेनाने लिहिले: ‘बसून पाहिले. अजून डुगडुगते. सगळ्यात आधी तीच दुरुस्त करू.’

पुढच्या महिन्यात परिचारिकाबाईंकडून दुप्पट रक्कम आली, आणि खुर्चीची चौकशी. मग आणखी एकाचे उत्तर आले, मग आणखी चौघांचे. जी पत्रे वाचल्याशिवाय रद्दीत जायची त्यांना उत्तरे यायला लागल्यावर त्या वेळच्या प्राचार्यांनी विचारले, ही पत्रं कोण लिहितंय? शिपाई म्हणाला, त्या आभारताई. झाले. हंगामी नोकरी कायम झाली आणि नावही.

लोकांना वाटते, कॉलेजसाठी देणग्या मिळवणे म्हणजे गोड बोलून दुसऱ्याच्या खिशात हात घालणे. असे म्हणणारे स्वतः कधी कोणाला काही देत नाहीत, ही गोष्ट वेगळी. आभारताई पहिल्या भेटीत काहीच मागत नसत, दुसऱ्या भेटीतही नाही. त्या एकच प्रश्न विचारत: ‘कॉलेजात असताना तुम्ही जास्त वेळ कुठे बसायचात?’ एवढे विचारून गप्प बसायचे. माणूस कुठे बसायचा हे सांगायला लागला की कोणाशेजारी बसायचा, काय खायचा, कोणाच्या शिव्या खायचा, हे सगळे आपोआप येते. परत आल्यावर त्या ते एका जाड कार्डावर लिहीत. एका माजी विद्यार्थ्याला एक कार्ड. सहा हजारांच्या वर कार्डे, सगळी त्यांच्या हातची, लाकडी खणांमध्ये वर्षवार लावलेली.

आणि सर्वांत खालचा खण गेलेल्या माणसांचा. वर्षाच्या शेवटी एके दिवशी दुपारी त्या खोलीचे दार लावून घेत, वर्षभरात आलेल्या निधनाच्या कळवण्या पुढ्यात ठेवत, एकेक कार्ड वरून काढून खालच्या खणात ठेवत, आणि प्रत्येकावर दोन ओळी लिहून वार्षिकांकाच्या श्रद्धांजलीच्या पानासाठी देत. त्या दिवशी त्यांना कोणी चहाही विचारत नसे.

अकरा वर्षांपूर्वी असेच श्रद्धांजलीचे पान छापून गेले आणि आठवड्याभरात फोन आला. बोलणारे गृहस्थ पूल बांधणारे मोठे कंत्राटदार होते, याच कॉलेजचे. ‘वार्षिकांकात वाचलं. हे खरं आहे का?’ एवढेच त्यांनी विचारले आणि गेलेल्याचे नाव सांगितले. आभारताईंनी खालचा खण उघडला. कार्ड होते. ‘हो साहेब, खरं आहे,’ त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार स्वतः जिन्याखालच्या खोलीत आले. गेलेला मित्र त्यांच्या वर्गातला, एकाच बाकावरचा. पुढे दोघांचे कशावरून तरी बिनसले होते आणि वर्षानुवर्षे बोलणे नव्हते. ‘आता काय उपयोग,’ असे ते म्हणत राहिले आणि रडले, चांगले दोन तास. वाघासारखा माणूस, ज्याच्या आवाजाने मुकादम चळचळा कापत, तो जिन्याखाली बसून रुमाल ओला करत होता. आभारताईंनी ऐकून घेतले. शेवटी त्यांच्या तोंडून निघून गेले, ‘त्यांच्या नावानं दर वर्षी एखादं पारितोषिक ठेवायचं का?’

आयुष्यात प्रथमच त्यांनी स्वतः कोणाकडे काही मागितले होते. कंत्राटदारांनी तिथल्या तिथे धनादेश लिहिला. त्या दिवसापासून आभारताई नुसत्या आभार मानणाऱ्या राहिल्या नाहीत. मागायला त्यांना पाठवू लागले. वाचनालयाचे नवे छप्पर, भौतिकशास्त्राची यंत्रे, आई-वडील नसलेल्या मुलांच्या फिया, सगळ्यामागे जिन्याखालच्या बाई. खोली वरच्या मजल्यावर गेली, खिडकी आली, हाताखाली माणसे आली. पुढे कंत्राटदार संस्थेचे अध्यक्ष झाले आणि दर वर्षी स्वतःच्या हाताने ते ‘दिवंगत मित्र’ पारितोषिक देऊ लागले. देताना त्यांचा आवाज दर वर्षी थोडासा फाटायचा, आणि आभारताई मागच्या रांगेत डोळे पुसायच्या. आपल्या कामाचा त्यांना सर्वांत जास्त अभिमान कशाचा असेल, तर या पारितोषिकाचा.

असे सगळे छान चालले असताना विभागप्रमुख निवृत्त झाले. भले गृहस्थ होते, जेवणावळींना न चुकता जात आणि समोर येईल त्यावर सही करत. जागेची जाहिरात निघाली, आणि आभारताईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी हवेसे वाटले. हवेसे म्हणजे अगदी जीव टांगणीला लागेल इतके. सव्वीस वर्षे पत्रे त्यांची आणि खाली सही दुसऱ्याची. आता वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी आपल्या पत्राखाली आपली सही असावी, एवढे मागणे काही फार नव्हते.

स्पर्धेत एकच जण होता. दोन वर्षांपूर्वी विभागात आलेला तरुण, निधी उभारण्याच्याच विषयात मोठी पदवी घेतलेला. सतत आलेख, तक्ते आणि पंचवार्षिक आराखडे काढी, म्हणून ऑफिसने त्याचे नाव आराखडेबुवा ठेवले होते. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरे झाले असते, असे आभारताईंना कधी कधी वाटे.

‘त्याच्याकडे पदवी आहे, माझ्याकडे काय आहे? कार्डं,’ त्या घरी म्हणाल्या. त्यांचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर लोकांचे नंबर बघून त्याला बारीक बघायची सवय लागली होती. त्याने बायकोचा अर्ज उजेडाकडे धरून वाचला आणि म्हणाला, ‘हे पारितोषिकाचं तू चौथ्या नंबरवर टाकलंयस. ते वर घे. तिथूनच तुझं सुरू झालं ना?’ आभारताईंनी ते पहिल्या क्रमांकावर घेतले. ‘सर्वांत महत्त्वाची कामगिरी’ या रकान्यात.

मुलाखतीला नऊ दिवस राहिले असताना टपालात एक लिफाफा आला. अक्षर टोकदार, ओळी सरळ. आत एवढेच होते:

‘महोदय, आपल्या संस्थेच्या लेखी मी अकरा वर्षांपूर्वी वारलो आहे, असे मला काल दुपारी समजले. माझ्या कारखान्यात नोकरीसाठी आलेल्या एका मुलीच्या अर्जात तिला माझ्या नावाचे स्मृती पारितोषिक मिळाल्याचे नमूद आहे. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, सर्व माझेच. मुलगी हुशार आहे, मी तिला कामावर घेतले. मात्र मी कशाने वारलो ते कळवल्यास आभारी होईन. आपला, तूर्त हयात.’ आणि खाली सही.

आभारताईंनी पत्र खाली ठेवले. त्या उठून खालच्या खणापाशी गेल्या, कार्ड काढले, मग दोन वर्षे आधी उत्तीर्ण झालेल्यांच्या खणातून दुसरे कार्ड काढले, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. दोघे भाऊ होते. आडनाव एक, वडिलांचे नाव एक, स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर एक, घरचा पत्ताही त्या काळी एकच. थोरला शाळामास्तर. अकरा वर्षांपूर्वी गेला तो हाच. कळवणीत नुसती आद्याक्षरे होती आणि आभारताईंनी धाकट्याचे कार्ड खाली टाकले होते. कार्डावर तारीख त्यांच्याच अक्षरात होती. थोरल्याच्या पत्त्यावर मात्र इतकी वर्षे वार्षिकांक, शुभेच्छा जात राहिल्या होत्या, आणि त्या परत कधी आल्या नाहीत म्हणून कोणाला शंका आली नव्हती.

मग एकेक धागा उलगडत गेला. कंत्राटदारांनी तेव्हा त्या पत्त्यावर सांत्वनाचे पत्रही लिहिले होते, ‘तुमच्या यजमानांच्या जाण्याने’ वगैरे. ते मास्तरांच्या बायकोला मिळाले. तिला त्यात गैर काय वाटणार? तिने उलटटपाली आभार मानले होते. पहिल्या पारितोषिक समारंभाचे निमंत्रणही तिलाच गेले, त्यातही नावाची नुसती आद्याक्षरे होती, तेव्हा तिने तब्येतीचे कारण कळवले. पुढे तीही वारली. सगळे इतके बिनबोभाट बसले होते की चुकीला कुठून हवासुद्धा लागली नाही.

आराखडेबुवा मागे येऊन कधी उभा राहिला ते त्यांना कळले नाही. त्याने पत्र वाचले, दोन्ही कार्डे पाहिली आणि हळू आवाजात म्हणाला, ‘मॅडम, गेल्या वर्षी आपण सगळी कार्डं कॉम्प्युटरवर घेतली. त्यात झालं म्हणून सांगा. कोण बघायला येणारे?’

‘पारितोषिक अकरा वर्षांचं आहे रे.’

‘मग जुन्या साहेबांच्या वेळची गडबड म्हणा. ते काही नाही म्हणणार नाहीत, त्यांना आठवणारच नाही.’

तो खरोखर मदत करत होता. आभारताईंनी दोन्ही कार्डे आणि ते पत्र पर्समध्ये टाकले आणि घरी गेल्या. घरी त्यांनी जेवायच्या टेबलावर सगळे सांगितले आणि रडू लागल्या. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, ऐकू कमी यायचे, पण जे ऐकायचे ते बरोबर ऐकायच्या. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, ‘माणूस जिवंतच निघाला ना? मग रडतेस कशाला? उलटं झालं असतं तर रडली असतीस ते ठीक होतं.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच आभारताईंनी रजा टाकली आणि दीड तासाची बस पकडून पत्रावरच्या पत्त्यावर गेल्या. वजनकाटे बनवायचा कारखाना होता. लांबट खोलीत एका रांगेत काटे मांडलेले आणि निळ्या डगल्यातली माणसे प्रत्येकावर तीच तीच वजने ठेवून काटा शून्यावर येतो का बघत होती. टोकाला काचेच्या खोलीत एक उंच, टकले, गुबगुबीत गृहस्थ बसले होते. आभारताईंनी आपण कोण ते सांगितले आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, ‘माझ्या हातून झालं. तुमचे थोरले भाऊ गेले आणि मी तुमचं कार्ड काढलं.’

काटेवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि ते हसायला लागले. साधे नाही, सातमजली. बाहेरच्या माणसांनी वजने हातात धरून माना वळवल्या. ‘म्हणजे मी दादाच्या जागी मेलो,’ ते म्हणाले. ‘आयुष्यभर तो माझ्या जागी मार खायचा. फिटलं म्हणायचं. काय लिहिलं होतंत माझ्यावर?’

आभारताईंनी खालमानेने सांगितले, ‘शांत, मितभाषी आणि सर्वांना हवेहवेसे.’

यावर ते पुन्हा हसले आणि कामावर घेतलेल्या त्या मुलीला बोलावून तिलाही ऐकवले. मग चहा आला. चहाच्या घोटाघोटाला त्यांना नवीन प्रश्न सुचत होते: शोकसभा झाली का, कोण बोलले, किती वेळ. होता होता त्यांनी विचारले, ‘आणि हे पारितोषिक कुणी ठेवलं? माझ्या नावानं पैसे खर्च करणारा कोण वेडा?’

आभारताईंनी नाव सांगितले.

काटेवाल्यांचा कप बशीवर टेकला. हसणे कुठल्या कुठे गेले. ‘त्यानं?’ ते म्हणाले. ‘माझ्यासाठी?’

मग हळूहळू जुनी गोष्ट बाहेर आली. कंत्राटदारांच्या मुलीच्या लग्नात, व्याह्यांच्या घोळक्यात उभे राहून काटेवाले म्हणाले होते की आमच्या मित्राने असा पूल बांधलाय ज्याच्याखाली नदीच नाही. सगळे हसले. कंत्राटदार नाही हसले. त्यांनी त्या दिवसापासून बोलणे टाकले. ‘गंमत केली होती हो. माफी मागणार होतो. दर वर्षी ठरवायचो, या वर्षी फोन करायचा. मग वाटायचं, त्यानं करावा. माझा तरी काय एवढा मोठा गुन्हा?’ ते थांबले. ‘मी गेल्याचं कळल्यावर तो काय म्हणाला?’

‘दोन तास रडले.’

‘दोन तास?’

‘माझ्यासमोर. नंतरचं मला माहीत नाही.’

काटेवाल्यांनी बाहेरच्या काट्यांकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, ‘त्याला सांगणार तुम्ही?’ आभारताईंनी होकारार्थी मान हलवली. ‘आणि तुमच्या नोकरीचं?’ त्यांनी लपवले नाही. मुलाखत आठ दिवसांवर आहे, मुलाखत घेणारे तिघे आहेत आणि मधल्या खुर्चीत अध्यक्षच आहेत, हे सांगितले. काटेवाले एकदम कामकाजी माणसासारखे पुढे सरकले. ‘मग थांबा की. आधी ती जागा घ्या पदरात, मग सांगा. मी अकरा वर्षं मेलोय, आणखी आठ दिवसांनी काय होतंय मला?’

परतीच्या बसमध्ये आभारताईंनी हे मनाला पटवायचा पुरेपूर प्रयत्न केला. ज्याचे नुकसान झाले तोच परवानगी देतो आहे. आठ दिवस म्हणजे काय. त्यांना जागा हवी होती आणि हवी असण्याची लाजही वाटत नव्हती. पण खिडकीतून बघता बघता त्यांना आठवले की अध्यक्ष अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि गेल्या वर्षीच त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांची अकरा वर्षे आपण घेतली आहेत. त्यावर आठ दिवस आणखी घ्यायचे, तेही स्वतःच्या सोयीसाठी, हे काही त्यांना जमेना. घराच्या थांब्यावर त्या उतरल्या नाहीत. पुढच्या थांब्यावर, अध्यक्षांच्या घरापाशी उतरल्या. संध्याकाळचे सहा वाजले होते.

अध्यक्ष बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. आभारताईंनी दोन्ही कार्डे आणि ते पत्र त्यांच्यासमोर ठेवले आणि एका दमात सांगून टाकले. अध्यक्षांनी पत्र वाचले. परत वाचले. अक्षर त्यांनी ओळखले असावे, कारण सहीवर त्यांचा अंगठा थांबला.

‘मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं,’ ते म्हणाले. ‘हे खरं आहे का, म्हणून.’

‘हो.’

‘तुम्ही खरं आहे म्हणालात.’

‘हो साहेब. माझ्याच हातचं कार्ड बघून म्हणाले.’

‘दीड तासावर,’ ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. ‘अकरा वर्षं तो दीड तासावर बसला होता.’ ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतले. त्यांची सून बाहेर आली, तिने आभारताईंकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवली. त्या निघाल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नये. अध्यक्षांकडून निरोप नाही, फोन नाही. आराखडेबुवाला त्यांनी स्वतःच सांगितले की अध्यक्षांना कळवले आहे, त्याने कपाळावर हात मारला. नवऱ्याने मात्र एकदाही चुकलीस म्हटले नाही. तो रोज सकाळी त्यांचा चष्मा पुसून ठेवायचा, ते आधी कधी करत नसे. आणि गंमत अशी की आभारताईंना झोप नीट लागायला लागली. जागा गेली असे त्यांनी धरूनच टाकले होते. एकदा गेली म्हटल्यावर टांगणीला लागलेला जीव खाली उतरला.

मुलाखतीत आराखडेबुवा चाळीस मिनिटे आलेख दाखवून बाहेर आला. आभारताई आत गेल्या. मध्ये अध्यक्ष, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेल्या तज्ज्ञबाई. तज्ज्ञबाईंनी अर्ज चाळून विचारले, ‘तुमची सर्वांत महत्त्वाची कामगिरी म्हणून तुम्ही हे स्मृती पारितोषिक लिहिलंय. त्याबद्दल सांगाल?’

‘ते खोडावं लागेल,’ आभारताई म्हणाल्या. ‘ज्यांच्या नावानं आहे ते हयात आहेत.’

मग त्यांनी सगळे सांगितले, भावाच्या कार्डापासून बसच्या थांब्यापर्यंत. प्राचार्यांच्या हातातले पेन तसेच राहिले. तज्ज्ञबाई ओठ चावून हसू दाबत होत्या, पण शेवटाकडे त्यांचे हसू राहिले नाही. अध्यक्ष पूर्ण वेळ टेबलाकडे बघत होते. सगळे संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

‘तो अजून तसाच हसतो का?’

‘कारखान्यातलं काम थांबतं,’ आभारताई म्हणाल्या.

अध्यक्षांनी मान हलवली. ‘शनिवारी त्याला इथं बोलवा. मी बोलावलंय म्हणू नका. तुम्ही बोलावताय म्हणा.’ प्राचार्य काहीतरी बोलू लागले, तसे अध्यक्ष म्हणाले, ‘निकाल नंतर.’

शनिवारी काटेवाले इस्त्रीचा शर्ट घालून आले. अभ्यासाच्या दालनाबाहेरच्या जिन्यावर क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, ‘इथंच बसायचो आम्ही. आतून हाकलून दिल्यावर.’ जिन्यावर आताही पुस्तके घेऊन मुले बसली होती. आभारताईंनी त्यांना पाहुण्यांच्या खोलीत नेले. अध्यक्ष खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. आभारताईंनी दार ओढून घेतले आणि बाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या.

दहा मिनिटे आतून हूं की चूं नाही. आभारताईंना भीती वाटायला लागली. अठ्ठ्याहत्तरचे ते, सत्याहत्तरचे हे, एकाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. उठून दारावर टकटक करावी, असे त्या म्हणत होत्या, तेवढ्यात आतून आवाज चढला.

‘नदी होती!’

‘कुठं होती? दाखव ना!’

‘पावसाळ्यात होती!’

‘पावसाळ्यात माझ्या अंगणातही असते!’

दार धाडकन उघडले. अध्यक्ष लालबुंद होऊन बाहेर आले, आभारताईंना बघून म्हणाले, ‘तो मेलेलाच बरा होता,’ आणि जिना उतरू लागले. तीन पायऱ्या उतरले आणि थांबले. खिशातून रुमाल काढला, मुलांकडे पाठ करून डोळे पुसले, नाक शिंकरले, आणि पुन्हा वर चढून आत गेले. त्यानंतर आतून जे हसू आले ते ऐकून जिन्यावरची सगळी मुले वर बघायला लागली. या वेळी ते एकट्याचे नव्हते.

आभारताई तिथेच बसून राहिल्या. त्यांना इतके बरे वाटत होते की जागेची आठवणही राहिली नव्हती. थोड्या वेळाने दार किलकिले झाले.

‘विभागप्रमुखबाई,’ अध्यक्षांनी हाक मारली, ‘जरा आत या. आमच्या वर्गातला कोणी आहे का तुमच्या कार्डांत, ज्यानं तो पूल पाहिलाय?’

आभारताईंनी मागे वळून पाहिले. मागे भिंतच होती.

‘तुम्हालाच म्हणतोय,’ अध्यक्ष म्हणाले. ‘पत्र सोमवारी मिळेल. तिघांचंही एकमत झालंय, माझं सगळ्यात शेवटी. आणि एक लक्षात ठेवा. यापुढे कुणी गेल्याचं कळलं की आधी त्याच्या घरी फोन करायचा.’

‘करीन,’ आभारताई म्हणाल्या, आणि दारातच त्यांना हुंदका फुटला, इतक्या वर्षांचा, आवरता आवरेना. दोन्ही म्हातारे घाबरून गेले. काटेवाल्यांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली.